कुठला अँटीव्हायरस घेऊ?

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला आयुष्यभर तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. लॅपटॉप कुठला घेऊ, वायफाय स्लो का झालंय आणि अँटीव्हायरस कुठला टाकू. आपण ऑफिसात नक्की काय काम करतो, याच्याशी नातेवाइकांना काही देणंघेणं नसतं. डॉक्टरला जसं लग्नात गाठून 'जरा गुडघा बघा' म्हणतात, तसंच हे.

परवा सेंगकांगला आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. फ्लॅटमध्ये बायकांनाच जागा पुरेना, म्हणून आम्ही नवरे मंडळी खाली व्हॉइड डेकवर येऊन बसलो. तिळगूळ खाता खाता एका मित्राने नेहमीचा तिसरा प्रश्न काढला. "अरे, नाशिकला बाबांचा कॉम्प्युटर आहे. दुकानदार म्हणतो अँटीव्हायरस रिन्यू करा. कुठला घेऊ?"

गेल्या वर्षीपर्यंत याचं माझं उत्तर एका ओळीचं असायचं. "काही घेऊ नकोस, विंडोजमध्ये फुकट येतो तो पुरे आहे." तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचं नव्हतं, आजही नाही. पण परवा तेवढंच बोलून मला थांबता आलं नाही. चांगला तासभर बोलत बसलो. तेच इथे लिहितो आहे, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा तिकडे एकटे एका कॉम्प्युटरसमोर बसलेले असतात.

माझे आईबाबा सांगलीला असतात. बाबा शाळेत गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांचा कॉम्प्युटर २०१५ चा. मी इथे नोकरीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत घेऊन दिलेला. बाबा त्यावर पेन्शनचा हिशोब ठेवतात, जुनी नाटकं बघतात, सोसायटीच्या नोटिसा टाइप करतात. दर वर्षी चौकातला कॉम्प्युटरवाला घरी येतो, एका नामांकित कंपनीच्या अँटीव्हायरसचं खोकं आणतो, आईच्या हातचा चहा पितो, की टाकून देतो आणि जाताना 'काका, आता वर्षभर बिनघोर' म्हणून जातो. दर वर्षी मी फोनवर सांगायचो, "बाबा, उगाच पैसे घालवताय." दर वर्षी बाबा म्हणायचे, "असू दे रे, मनाला बरं वाटतं."

गेल्या ऑक्टोबरात विंडोज १० चा पाठिंबा संपला. १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मायक्रोसॉफ्टने खूप आधी जाहीर केली होती. बाबांचा कॉम्प्युटर जुना. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, तो त्यात नाही. एका रविवारी फोनवर मी घाईघाईत म्हणालो, "बाबा, तुमचं विंडोज आता जुनं झालंय, त्याला धोका आहे. डिसेंबरात आलो की बघतो." एवढं बोलून मी मुलीच्या शाळेचा विषय काढला. बाबांच्या मनात मात्र ते वाक्य राहून गेलं.

डिसेंबरात सांगलीला गेलो, तर कॉम्प्युटरवर टॉवेल घातलेला. विचारलं तर बाबा म्हणाले, "बिघडलाय." काय झालं, तर म्हणे माहीत नाही. दोन दिवस मी त्याला हात लावतो म्हटलं की ते दुसरं काहीतरी काम काढायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा भाजी आणायला गेल्यावर आईने सांगितलं.

नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बाबा त्याची काही माहिती शोधत होते. एका लिंकवर क्लिक केलं आणि सगळा स्क्रीन लाल झाला. भोंगा वाजायला लागला. इंग्रजीत मोठ्या अक्षरांत आलं की तुमचं विंडोज कालबाह्य झालं आहे, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. खाली नामांकित कंपनीचं चिन्ह. बाबांनी फोन केला. पलीकडचा माणूस अदबीने, शुद्ध हिंदीत बोलत होता. त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. मग बाबांच्या डोळ्यांदेखत माऊस आपोआप फिरायला लागला. काळ्या खिडकीतून भराभर अक्षरं धावली. 'सर, बघा किती व्हायरस आहेत.' पाच वर्षांच्या संरक्षणाचे ४,९९९ रुपये. बाबांनी भरले.

मग तो म्हणाला, ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे, अर्धे पैसे परत देतो, त्यासाठी नेटबँकिंग उघडा. बाबांनी बँकेचं पान उघडलं, युजर नेम टाकलं. फोन स्पीकरवर होता. आई स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. ती हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पैसे द्यायला पासवर्ड लागतो, घ्यायला कशाला लागतो?" बाबांनी तिला हातानेच 'थांब' म्हटलं. आईने काही ऐकलं नाही. भिंतीवरचं बटण बंद केलं.

आईचं शिक्षण जुनी अकरावी. सायबर सुरक्षेवर मी आजवर जी काही प्रेझेंटेशन्स बघितली, त्यात इतकं नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

"मग मला फोन का नाही केलात?" मी विचारलं. आई म्हणाली, "हेच म्हणाले, त्याला सांगू नकोस. तो चिडेल. म्हणेल, मी सांगत होतो."

हे मला लागलं. कारण ते खरं होतं. मी चिडलोच असतो.

बाबा भाजी घेऊन आले, तेव्हा त्यांना कळलं की आईने सांगितलं आहे. पिशवी ठेवून ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, विंडोज जुनं झालंय, धोका आहे म्हणून? स्क्रीनवर तेच लिहिलेलं होतं. मला वाटलं, तू म्हणत होतास तो हाच धोका."

आता यावर मी काय बोलणार? अर्धवट इशारा द्यायचा आणि 'आल्यावर बघतो' म्हणून फोन ठेवायचा, ही चूक माझी होती. बाबांना भीती घालून ठेवली होती मी. त्या चोराने फक्त तिचा फायदा घेतला.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. बाबांचा अँटीव्हायरस चालू होता. मुदतीत होता, अपडेट झालेला होता. तरी तो गप्प का बसला, हे बाबांना समजावून सांगायचं होतं. गणिताचे मास्तर आहेत, नुसतं 'असंच असतं' म्हणून भागत नाही. म्हणून आम्ही प्रयोग केला.

अँटीव्हायरस चालतोय की नाही हे तपासायला एक निरुपद्रवी फाईल मिळते, आयकार टेस्ट फाईल. फक्त ६८ अक्षरांची. तिच्यात व्हायरस नाही, पण सगळ्या कंपन्यांनी ठरवून तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं मान्य केलेलं आहे. ती फाईल सेव्ह केली मात्र, अँटीव्हायरसने लगेच आरडाओरडा करून ती उचलून बाजूला टाकली. बाबा खूश झाले. मग कॉम्प्युटर लांबून चालवायचा एक प्रोग्रॅम मी उतरवून घेतला आणि चालवला. काही झालं नाही. कारण तो व्हायरस नाहीच! आमच्या ऑफिसातली सपोर्टची मंडळी दिवसभर असल्याच प्रोग्रॅमवर काम करतात. माझ्या लॅपटॉपवरून बाबांचा माऊस हलवून दाखवला.

"म्हणजे," बाबा म्हणाले, "वॉचमन चोराला अडवतो, पण आपणच ज्याला पाहुणा म्हणून आत घेतलं त्याला अडवत नाही."

अगदी तेच. अँटीव्हायरस मुख्यतः तीन तऱ्हांनी काम करतो. एक, माहीत असलेल्या व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते, प्रत्येक फाईल तो त्या यादीशी ताडून बघतो. दोन, एखादा प्रोग्रॅम वागतो कसा, याच्यावर नजर ठेवतो. म्हणजे भराभर सगळ्या फाईली कुलूपबंद करायला लागला, तर त्याला थांबवतो. तीन, अनोळखी फाईल दिसली की कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, ही कुणी आधी पाहिली आहे का. या तिन्हींत माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने केलेली गोष्ट बसत नाही.

माझ्या पिढीला व्हायरस म्हणजे पेनड्राइव्ह आठवतो. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावला की 'न्यू फोल्डर' नावाचा प्रोग्रॅम फोल्डरचं सोंग घेऊन बसलेला असायचा. ऑर्कुट उघडलं की 'ऑर्कुटवर बंदी आहे' म्हणून खदाखदा हसणारा एक व्हायरस २००७ च्या सुमारास होस्टेलभर पसरला होता. त्या काळात अँटीव्हायरस नसणं म्हणजे पावसात छत्रीविना निघणं.

आणि हे क्षेत्र आपल्याला काही परकं नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसच फार निघायला लागले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९५ च्या सुमारास क्विक हील उभा राहिला. २०१६ च्या फेब्रुवारीत ती कंपनी शेअर बाजारात आली. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये हे उदाहरण सर हमखास द्यायचे. दहावीनंतर कामाला लागलेला भाऊ धाकट्याला कॉम्प्युटर शिकायला पाठवतो, यातलं शहाणपण तेव्हा कळलं नव्हतं.

पण दरम्यान बरंच बदललं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस विंडोजच्या पोटातच येतो. सुरुवातीला त्याला कुणी मोजत नसे. गेल्या काही वर्षांत मात्र जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र चाचण्या घेणाऱ्या संस्थांच्या निकालांत तो पैसे देऊन घेतलेल्या नावांच्या बरोबरीने बसतो. या दोन्ही संस्थांचे निकाल फुकट वाचायला मिळतात. दुकानदार किंवा मेव्हण्याच्या सल्ल्याआधी ते बघावेत. एकच निकाल बघू नका, वर्षभराचे बघा. व्हायरस किती पकडले याच्याबरोबर चांगल्या फाईलला किती वेळा चोर ठरवलं आणि कॉम्प्युटर किती मंदावला, तेही बघा.

फुकट मिळतो म्हणून भलताच उतरवून घेऊ नका. अव्हास्ट हा मोफत अँटीव्हायरस जगभर लोकप्रिय होता. वापरणारे कुठल्या साइट बघतात, याची माहिती तो जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकतो, हे २०२० च्या सुरुवातीला उघडकीला आलं. उपकंपनी बंद करावी लागली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरसला आपण घरातल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो. तेव्हा तो कोण आहे आणि त्याचं पोट कशावर चालतं, हे विचारायलाच हवं.

दोन अँटीव्हायरस एकदम ठेवू नका. एकाने पकडलेली फाईल दुसरा ओढतो आणि कॉम्प्युटर बैलगाडी होतो. नव्या लॅपटॉपबरोबर तीस किंवा नव्वद दिवसांचा अँटीव्हायरस आलेला असतो. मुदत संपल्यावर तो तसाच पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं, आहे की. तो रीतसर काढून टाका, डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. विंडोज सिक्युरिटी नावाचं पान उघडून हिरवी खूण दिसते का, एवढं बघितलं तरी पुष्कळ.

आणि अँटीव्हायरस म्हणजे अपडेट नव्हे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. इथे सिंगापुरात तिओंग बाहरू प्लाझामधल्या दुकानांची यादी दाखवणाऱ्या स्क्रीनवर खंडणीची नोटीस झळकली होती. गंमत म्हणजे ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. महिन्या-दीड महिन्याने त्याच भोकातून नॉटपेट्या आला आणि त्याच्या तडाख्यात मर्स्कच्या जाळ्यातून आपलं न्हावाशेवाचं एक टर्मिनलही सापडलं, कंटेनर अडकून पडले. दार मोडकं असेल, तर वॉचमन किती जागा राहणार? म्हणून विंडोज १० वापरणाऱ्यांनी अँटीव्हायरस आहे ना, म्हणून निर्धास्त राहू नये. मायक्रोसॉफ्टने घरगुती कॉम्प्युटरसाठी सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडल्या, तर पैसेही लागत नाहीत. बाबांचं नाव मी नोंदवलं. त्यानंतर काय, ते पुढच्या सुट्टीत ठरवू. बहुधा नवा कॉम्प्युटर.

आता सिंगापूरकरांसाठी दोन शब्द. आपण फार हुशार, आपल्याला कोण फसवणार, असं इथे वाटतं. २०२१ च्या डिसेंबरात ओसीबीसी बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या एसएमएसना सुमारे ७९० ग्राहक फसले आणि १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले. खोटा मेसेज बँकेच्या खऱ्या मेसेजच्या रांगेतच येऊन बसत होता. बँकेने नंतर पैसे भरून दिले, पण तेव्हापासून इथल्या बँकांनी ग्राहकांना एसएमएसमधून लिंक पाठवणंच बंद केलं. २०२३ मध्ये मोबाइलची लाट आली. फेसबुकवर स्वस्त मासळीची, घर साफ करून देण्याची जाहिरात, ऑर्डरसाठी एक अ‍ॅप उतरवायचं, आणि त्या अ‍ॅपने फोनच ताब्यात घ्यायचा. पोलिसांच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी अशी १,८९९ प्रकरणं झाली. मग बँकांनी आपली अ‍ॅप अशी केली की बाहेरून आणलेलं संशयास्पद अ‍ॅप फोनमध्ये दिसलं की ती उघडतच नाहीत. लोकांनी सुरुवातीला शिव्या घातल्या. भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून येणारी एपीके फाईल हे त्याचंच भावंड. आमंत्रण फोटो किंवा पीडीएफ म्हणून येतं. जे 'इन्स्टॉल करू का' विचारतं, ते आमंत्रण नव्हे.

इथे कम्युनिटी क्लबात, वाचनालयात डिजिटल अ‍ॅम्बॅसेडर बसलेले असतात. म्हातारी माणसं फोन घेऊन त्यांच्याकडे जातात आणि विचारतात, हे काय आलंय बघ. पोरं शांतपणे सांगतात. शंका आली की १७९९ वर फोन करून विचारता येतं. आमच्या शेजारच्या चिनी आजी तर प्रत्येक मेसेज माझ्या बायकोला दाखवतात आणि ती हसतमुखाने वाचून सांगते. हे बघून मला वाटलं, सांगलीच्या बाबांसाठी असं कोण आहे? चौकातला कॉम्प्युटरवाला. आणि मी. त्यातला कॉम्प्युटरवाला चहा पिऊन शांतपणे सांगतो. मी सांगतो, ते वैतागून.

तर डिसेंबरात आम्ही काय केलं? कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकलं. सगळे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलले. बँकेत जाऊन सांगितलं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. तीन आठवडे उलटून गेले होते, पैसे काही परत आले नाहीत. पहिल्या तासाभरात १९३० नंबरवर फोन केला असता, तर पैसे अडवता येण्याची आशा असते. हा नंबर आता आईने फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. बाबांचं खातं साधं ठेवलं, नवा प्रोग्रॅम टाकायला वेगळा पासवर्ड लागतो. हा काही रामबाण नाही, काही प्रोग्रॅम त्याच्याशिवायही चालतात, पण पाऊल अडखळतं तरी. ब्राउझरमध्ये जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन टाकलं आणि साइटना नोटिफिकेशन पाठवायची परवानगीच बंद केली, कारण कोपऱ्यात येणाऱ्या व्हायरसच्या बऱ्याचशा खोट्या सूचना तिथूनच येतात. पेन्शनचं खातं वेगळं आणि यूपीआयचं, थोड्या पैशांचं, खातं वेगळं. फोटो आणि कागदपत्रं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर. कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात.

एक सराव पण केला. मी तसलाच लाल स्क्रीन उघडून दाखवला आणि बाबांना बंद करायला लावला. एस्केप बटण दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ फोर. नाहीच झालं, तर आईची पद्धत, भिंतीवरचं बटण. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर नंबर दिसला की ते खोटं, एवढं एकच लक्षात ठेवायचं.

शेवटी बाबांनी विचारलंच. "मग मी कुठला घेऊ? तुझा फुकटचा, की माझा?"

मी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर डिफेंडरच वापरतो आणि तो मला पुरतो. पण बाबांना म्हणालो, "तुमचाच ठेवा." बाबांना आश्चर्य वाटलं. मी हिशोब मांडला. वर्षाला जे काही शेकडो रुपये जातात, त्यात व्हायरस पकडण्याचं काम असतंच, शिवाय वर्षातून एकदा ओळखीचा माणूस घरी येऊन कॉम्प्युटर बघून जातो, आणि अडलं तर मराठीत विचारता येतं. सिंगापुरात बसून मला ते देता येत नाही. मित्रालाही परवा मी हेच सांगितलं. तुझ्या बाबांना विचार, काही झालं तर ते आधी कुणाला हाक मारतात. तो माणूस चांगला असेल, तर तो जो टाकून देतो तो राहू दे. फक्त नाव चाचण्यांच्या यादीत बघून घे आणि अपडेट चालू ठेव.

सुट्टी संपवून निघताना मी बाबांना म्हणालो, "आधी मला फोन, मग पैसे. कितीही वाजलेले असोत. आणि मी चिडणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले. मास्तरांनी पोराचं वचन किती गंभीरपणे घ्यावं, तितकंच घेतलं.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये होतो. फोन वाजला. सांगली. पूर्वी मी कट करून 'नंतर करतो' असा मेसेज टाकला असता. उठून बाहेर आलो.

"अरे, एक खिडकी उघडलीय. इंग्रजीत आहे. वाचून दाखवू का?"

"वाचा बाबा, सावकाश."

बाबांनी शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचून दाखवलं. विंडोजचा साधा अपडेट होता, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा का, एवढंच विचारत होता. "हो म्हणा," मी सांगितलं.

"बरं. तुझं काम चालू असेल ना? चिडला नाहीस ना?"

"नाही हो बाबा. पुन्हा आलं की पुन्हा करा."